मांजरपाटावरचा संप: भाड्याने मिळणाऱ्या कामगार-इतिहास प्रदर्शनाचं परीक्षण

गणपतीचा देखावा असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो की १ मेचा कार्यक्रम, कामगारांच्या इतिहासावर काही मांडायचं ठरलं की कोकणातली बहुतेक मंडळं फ्लेक्सवाल्याकडे धावतात. इंटरनेटवरून उतरवलेले चार फोटो, खाली मोठ्या लाल अक्षरांत घोषणा, आणि पहिल्याच पावसात सुटलेले कोपरे. चिपळूण परिसरातल्या एका लहान स्क्रीन-प्रिंटिंग कार्यशाळेने या कामासाठी कापडी संच तयार केला आहे आणि तो भाड्याने मिळतो. मांजरपाटावर छापलेले २२ पट, लाकडी पेटीत गिरणीशी नातं सांगणाऱ्या सहा वस्तू आणि गाण्यांची ३२ पानी पुस्तिका असा त्याचा पसारा आहे. तीन दिवसांचं भाडं २,५०० रुपये, अनामत ५,००० रुपये, ने-आण घेणाऱ्याने करायची. संच घेण्यासारखा आहे. जिथे त्याने प्रत्यक्ष काम दाखवलं आहे तिथे तो फार उंचीला जातो आणि जिथे नुसते पुढाऱ्यांचे चेहरे मांडले आहेत तिथे पाठ्यपुस्तकासारखा होतो. मंडळाने काय पुढे लावायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवून घेतलं, तर खर्च केलेला रुपयान् रुपया वसूल होईल.

आधी कापड. प्रत्येक पट ३ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच आहे. मांजरपाट कोरा असताना त्यात कांजी असते. ती न काढता त्यावर छापलं तर रंग धाग्यात न शिरता कांजीवर बसतो आणि दोन-तीनदा गुंडाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. या कार्यशाळेने कापड आधी गरम पाण्यात उकळून कांजी काढली आहे, त्यामुळे ते छापण्याआधीच आटलं आहे आणि पट वाकडे झालेले नाहीत. छपाई पिगमेंट रंगांत, काळा आणि लाल असे दोनच रंग. पिगमेंट पक्का व्हायला साधारण दीडशे अंश सेल्सिअसची उष्णता तीन ते पाच मिनिटं लागते. काळ्या भागावर ओलं फडकं घासून पाहिलं तर रंग उतरत नाही, म्हणजे तापवण्यात कसूर केलेली नाही. लाल मात्र थेट उन्हात फिकट पडतो. पटांची लाल बाजू खिडकीसमोर येऊ देऊ नका.

अक्षरांबाबत एक तक्रार आहे. शीर्षकं दोन इंच उंचीची आणि सुरेख आहेत, पण चित्राखालचा मजकूर फार बारीक घेतला आहे. मांजरपाटाची वीण जाड असते. बारीक टाइपात काना-मात्रा एकमेकांत मिसळतात, ‘द्ध’ आणि ‘द्य’ ओळखू येत नाहीत, रफार भरून जातो. सहा फुटांवरून म्हाताऱ्या माणसाला तो मजकूर वाचता येत नाही, आणि हे प्रदर्शन बघायला येणाऱ्यांत निवृत्त गिरणी कामगार आणि त्यांच्या बायकाच जास्त असतात. उपाय सोपा आहे. मुख्य दहा पटांचा मजकूर कागदावर मोठ्या टाइपात काढून पटाशेजारी लावावा. ध्वनिमुद्रण ऐकवणारे कोपऱ्यातले क्यूआर कोड इंचभराचे आहेत आणि कापडाच्या विणीमुळे बहुतेक फोन ते उचलत नाहीत. तेही कागदावर अडीच इंचाचे छापून घ्यावेत, आणि गावात नेटवर्क नसेल तर ध्वनिमुद्रण आधीच एका फोनवर उतरवून स्पीकरला जोडावं.

टांगणी हा कोकणातला खरा कसोटीचा भाग. जुन्या शाळा आणि देवळांचे सभामंडप जांभ्याचे. जांभ्याच्या चिऱ्यात खिळा ठोकला तर आतला भुगा होतो आणि दोन तासांत खिळा लोंबतो. भिंतीचा नाद सोडून खांबापासून खांबापर्यंत, किंवा तुळईपासून तुळईपर्यंत दोर ताणावा. संचाच्या पटांना आयलेट (दोर ओवायच्या धातूच्या कड्या) नाहीत, वर आणि खाली नेफा शिवलेला आहे, आणि हा निर्णय अतिशय योग्य आहे. खाऱ्या हवेत लोखंडी आयलेट एका पावसाळ्यात गंजते आणि कापडावर पडलेला गंजाचा डाग जात नाही. वरच्या नेफ्यात बांबूची काठी घालून दोन टोकांनी दोराला बांधायची. दोर ६ मिलिमीटरचा नायलॉन घ्या. सुंभ हाताशी असतो म्हणून वापरू नका, ओला झाला की त्याचं तपकिरी पाणी कापडावर ओघळतं. दोराला दर दहा फुटांवर आधार हवा, नाहीतर मध्ये झोळ पडतो. दहा फुटांत सहा-सहा इंचांची फट सोडून तीन पट बरोबर बसतात. म्हणजे सगळे २२ लावायचे तर असे आठ गाळे, जवळपास ऐंशी फूट लागतात. वीस बाय तीसच्या शाळेच्या हॉलमध्ये दारं-खिडक्या वजा जाता तेवढी जागा उरत नाही. तिथे पंधरा-सोळा पट पुरेत.

उंची ठरवताना पटाचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर ठेवा. वरची कड सात फुटांवर आणि खालची अडीच फुटांवर येते. प्राथमिक शाळेत मध्य चार फुटांवर आणा. खालच्या नेफ्यातली काठी विसरू नका. किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की मोकळा पट शिडासारखा फुगतो आणि वरची शिवण उसवते. खालची काठीही बांधायची, पण दोन इंचांची ढील ठेवून. नेफ्याची शिलाई एकेरी आहे, ती दुहेरी असायला हवी होती. सुई-दोरा बरोबर ठेवावा. चार माणसांना सगळं लावायला दोन तास लागतात.

आता आशय. पहिला पट मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा. ‘१८५४मध्ये भोंगा वाजला’ असं तिथे छापलं आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी १८५४मध्ये स्थापन केली, पण ताडदेवच्या त्या गिरणीत उत्पादन सुरू झालं १८५६मध्ये. ही चूक पुढच्या छपाईत सुधारायला हवी. गिरणी कामगारांचे सुरुवातीचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पट नीट आहे. १८८४च्या कामगारांच्या सभा, ‘दीनबंधु’ हे त्यांचं पत्र, आणि १० जून १८९०पासून मिळू लागलेली रविवारची सुट्टी, सगळं जागच्या जागी. १९०८चा पट संचातला सर्वांत सुबक म्हणावा लागेल. लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस. पटावर मजकूर जवळजवळ नाहीच. सहा मोठे काळे चौकोन, आणि प्रत्येकात थांबलेलं धुराडं. रत्नागिरी ही टिळकांची जन्मभूमी, तिथल्या प्रेक्षकाला या पटापुढे काहीच समजावून सांगावं लागत नाही. रत्नागिरी तालुक्यात संच लावणार असाल तर तो दाराशी लावा.

पेटीतल्या वस्तूंमध्ये धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन, आहे, आणि भाड्याचे निम्मे पैसे त्यासाठीच आहेत असं समजायला हरकत नाही. हा शोभेचा नाही, वापरलेला आहे. दोन्ही टोकांना पोलादी टोपी, आत धाग्याची कांडी बसवायची खाच, आणि बाजूला धागा बाहेर काढायचा डोळा. जुन्या यांत्रिक मागावर असा धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे फेकला जायचा. तो हातात घेतला की लाकडावर पडलेले धाग्याचे चरे बोटाला लागतात. कांडी संपली की विणकर नवी घालायचा आणि धोट्याच्या डोळ्याला ओठ लावून धागा ओढून घ्यायचा. कापसाची आणि कांजीची धूळ तशीच छातीत जायची. आणि याच कृतीतून गिरणीतली जातीची भिंत उभी राहिली. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार, म्हणून सवर्ण विणकरांनी दलित कामगारांना विणाईखात्यात येऊ दिलं नाही. विणाईत पगार जास्त होता. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या असंख्य महार कामगारांना कातणीच्या खात्यात कमी मजुरीवर राहावं लागलं. १९२८-२९च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता.

संचातल्या विणाईच्या पटावर यातलं एक अक्षर नाही. मागाचं चित्र आहे, खात्यांची नावं आहेत, धोटाही चितारला आहे, पण तो ओठांपर्यंत जात नाही. ही या संचातली सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती सौम्य शब्दांत सांगण्याचं कारण नाही. कामगारांची एकजूट साजरी करायची तर ती कुठे अडली हेही भिंतीवर दिसलं पाहिजे, विशेषतः कोकणात, कारण अडवणारे आणि अडवले गेलेले दोघेही इथल्याच वाड्यांमधून बोटीने गेले होते. तोवर मंडळांनी एवढं करावं: धोटा टेबलावर ठेवावा, शेजारी हे चार ओळींत लिहून लावावं, आणि समजावून सांगायला एक कार्यकर्ता उभा करावा. वस्तूला हात लावू द्यावा. काचेखाली ठेवला तर तो धोटा मुका होतो.

१९२८च्या संपाचा पट उलट फार नेमका आहे. एप्रिल ते ऑक्टोबर चाललेल्या त्या संपात नेमकं काय पणाला लागलं होतं ते आकृतीने दाखवलं आहे. एका विणकराने दोनऐवजी तीन माग बघायचे, कातणीवाल्याने कातयंत्राच्या दुप्पट बाजू सांभाळायच्या, म्हणजे उरलेल्या माणसाने कुठे जायचं? चित्रात तीन मागांमध्ये धावणारा एक माणूस आणि दाराबाहेर उभा दुसरा. याच संपात उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनची माहिती खाली आहे. अर्जुन आत्माराम आळवे हे गिरणीत प्रत्यक्ष काम करणारे अध्यक्ष, आणि पुढे कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या १९२९च्या मेरठ कटाच्या खटल्यातले आरोपी, यांचा उल्लेख केल्याबद्दल कार्यशाळेचं कौतुक केलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी कम्युनिस्ट पुढारी श्रीपाद अमृत डांग्यांचं नाव येतं आणि मजकूर संपतो.

त्यापुढचे पाच पट चेहऱ्यांचे आहेत. कामगार पुढारी ना. म. जोशी यांचं चित्र चांगलं रेखाटलं आहे, पण ते आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या गोरेगावचे, १९११मध्ये सोशल सर्व्हिस लीग उभारणारे आणि १९२०मध्ये स्थापन झालेल्या आयटक या देशव्यापी कामगार महासंघाच्या संस्थापकांतले, यातली फक्त शेवटची गोष्ट दिली आहे. लोअर परळच्या ज्या रस्त्याला त्यांचं नाव आहे त्यावरून कोकणातली हजारो माणसं रोज पाळीला गेली असतील. तेवढं एक वाक्य त्या चेहऱ्याला गावाशी जोडून गेलं असतं. जागा कमी असेल तर हे पाच पट गुंडाळलेलेच राहू द्या.

१९८२च्या पटावर मात्र वेळ घालवावा लागेल, कारण प्रेक्षक तिथेच थांबतात आणि बोलायला लागतात. १८ जानेवारी १९८२, संपावर गेलेले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार, त्यांचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, हे सगळं आहे. सामंत मालवणजवळच्या देवबागचे, हेही आहे. मागण्यांत पगारवाढ आणि बोनस दिला आहे. पण या संपाचा खिळा ज्या कायद्यात अडकला होता तो पटावर नाही. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगाला एका भागात एकच प्रातिनिधिक युनियन मानली जायची, आणि तिने केलेला करार सगळ्या कामगारांना बांधायचा. गिरण्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार त्या संघाला सोडून सामंतांकडे गेले तरी कायद्याच्या नजरेत बोलणी करायचा अधिकार संघाचाच राहिला. तो कायदा रद्द करा ही मागणीही त्यामुळेच पुढे आली. हे समजलं नाही तर ‘सामंतांनी तोडगा का काढला नाही’ या प्रश्नावर प्रदर्शनात भांडण जुंपतं आणि उत्तर कुणालाच देता येत नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. हे वाक्य पटावर ठळक छापलं आहे, आणि ते योग्यच आहे.

बदली कामगारांचं चित्र याच पटाच्या उजव्या कडेला, हाताएवढ्या चौकटीत कोंबलं आहे. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कुणाची गैरहजेरी निघाली तर काम, नाहीतर खोलीवर परत. गावकीने मुंबईत घेतलेल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांत असे कितीतरी होते. त्यांना स्वतंत्र पट मिळायला हवा.

बायकांचा पट एकच आहे, पण भरघोस. वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांतल्या कामगार स्त्रिया, युनियनमध्ये झटलेल्या पार्वतीबाई भोर, आणि खानावळवाल्या. खानावळीचा पितळी डबा पेटीत आहे तो या पटाखाली ठेवायचा. ज्यांचं कुटुंब गावाला होतं त्या चाकरमान्यांना जेवू घालणाऱ्या या बायका संपाच्या काळात उधारीवर ताट वाढत राहिल्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, हेही पटावर आहे. बाकी राहिली ती गावातली बाई, जी भाताचं आवण (रोपं) काढायची, गुरं बघायची आणि मनिऑर्डरीची वाट बघायची. पेटीत मनिऑर्डर फॉर्मची प्रतिकृती आहे, तिचा उपयोग इथे करा. गावातल्या एखाद्या घरातून जुनी पावती मिळाली तर प्रतिकृतीच्या जागी ती लावा, मात्र नाव-पत्त्यावर कागदाची पट्टी चिकटवून.

चरीच्या संपाचा पट बघून समाधान वाटतं. अलिबागच्या खारपट्टीतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची) आणि सावकारांची जमीन कसली नाही. लाकूडफाटा तोडून आणि मासे धरून दिवस काढले. संघटित कामगारांचा इतिहास म्हटला की गिरणीचं धुराडंच डोळ्यांसमोर येतं, पण संपाचं हत्यार शेतातही चाललं ते इथे. पटावर खारबंदिस्तीचा उभा छेद काढला आहे: बाहेर भरतीची पातळी, मध्ये बांध, आत भाताचं खाचर. बांध राखला नाही आणि खारं पाणी आत शिरलं तर जमीन पुढची काही वर्षं पीक देत नाही. न कसण्याचा निर्णय किती जड होता ते या एका छेदाने कळतं. शेजारचा खोतीचा पटही चोख आहे. आंबेडकरांनी १९३७मध्ये मांडलेलं खोती निर्मूलनाचं विधेयक, १० जानेवारी १९३८चा मुंबईतला शेतकऱ्यांचा मोर्चा आणि १९४९चा कायदा. रायगडमध्ये हे दोन पट मध्यभागी घ्या, गिरणगाव त्यांच्या दोन बाजूंना लावा.

गाण्यांची पुस्तिका संमिश्र आहे. कामगारांमध्ये गाणी सादर करणाऱ्या लाल बावटा कलापथकाची ओळख नीट करून दिली आहे: १९४४, अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर. त्यानंतर कार्यशाळेशी जोडलेल्या कवींची नवी बारा गाणी. पोवाडे कमजोर आहेत. ओळी इतक्या लांब की डफाच्या ठेक्यावर शाहिराला श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि झीलकऱ्यांनी (मागून साथ देणाऱ्यांनी) उचलायचं पालुपद दर वेळी बदलतं. शक्ती-तुरा या कोकणातल्या सवाल-जबाबाच्या लोककलेच्या चालीवरचा मालक-कामगार सवाल-जबाब मात्र खणखणीत आहे. जाखडीच्या नाचात एका पायात घुंगरू बांधून गोलात फिरताना जो ठेका पडतो, त्यात त्याचे शब्द अलगद बसतात. आपल्या गावच्या जाखडी मंडळाला तो पंधरा दिवस आधी द्या. त्यांच्या गुरूंच्या परंपरेप्रमाणे गण (गणेशस्तवन) आधी होऊ द्या, मग हे. बारापैकी पाच गाणी घेतली तर पाऊण तासाचा कार्यक्रम होतो. पावसाळ्यात डफाचं कातडं सैल पडतं, वादनाआधी ते शेकायला निखाऱ्याची सोय ठेवा.

परत करताना पट घडी घालू नका, घडीवर रंगाला चीर जाते. चार इंची पाइपवर छपाईची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचे आणि मधे जुनी सुती चादर घालायची. वरून प्लॅस्टिक लपेटलं तर आतला दमटपणा अडकतो आणि बुरशीचे काळे ठिपके येतात. ओलसर वाटले तर आधी पंख्याखाली रात्रभर टांगा. काठ्यांना भुंगा लागला आहे का तेही पाहा. काठीखाली पिवळसर पीठ सांडलं असेल तर ती काठी बाजूला काढून नवी घ्या, नाहीतर पेटीतल्या धोट्यालाही कीड लागेल. काठ्या सोडल्या तर सगळे पट मिळून पाच किलोच्या आसपास वजन होतं, त्यामुळे एसटीने नेणं सहज जमतं.

शिमगा ते मे हा संच लावायला सर्वांत चांगला काळ, आणि मागणीही तेव्हाच असते. भाद्रपदात मागवला तर बंदिस्त हॉलच निवडा. नोंदणी करताना तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: नेफ्याची शिलाई दुहेरी केली का, धोटा पेटीत आहे का की दुसऱ्या गावी गेला आहे, आणि विणाईचा पट नव्याने छापला का.